सातव्या आसरेची बदली

अंबूआक्का, पाया पडते, पण दात खाऊनच पडते हे आधी सांगून ठेवते, कारण तू मला अर्धंच सांगितलंस. नदीकाठच्या साती आसरांना, पाण्यातल्या त्या सात देवींना, हात जोड, कष्टाच्या बाईला त्या रिकाम्या हातानं लावून देत नाहीत, एवढं बोललीस, फोन ठेवलास आणि म्हशीला पाणी पाजायला गेलीस. नवस बोलताना मुदत बोलायची असते, बदल्यात काय देणार ते तिथल्या तिथं ठरवायचं असतं, हे मला कोण सांगणार होतं? मी चौथीपर्यंत शिकलेली. आमचा ठेकेदारसुद्धा सही घ्यायच्या आधी कागद वाचून दाखवतो. तू तर माझी थोरली बहीण, गावच्या विहिरीवरच्या आसरांचं सगळं तूच करतेस, आणि तुला तेवढं सुचलं नाही. आता काय होऊन बसलंय ते लिहून कळवते, कारण फोनवर सांगायची सोय राहिली नाही. का राहिली नाही ते पुढं येईल. मधलं सोडून शेवट वाचू नको, तुला ती खोड आहे.

बाकी तुझा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला गेला का? म्हैस व्याली असेल तर रेडी की रेडा? (हे उत्तरात लिहिलं नाहीस तरी चालेल, मुद्द्याचं लिही.) इकडे ज्योतीराम ठीक आहेत. नवऱ्याचं नाव घेतलं, तू नाक मुरडशील, पण या घरात आता कोण कोण आहे हे मलाच नीट सांगता येत नाही, तेव्हा नावं घेऊन बोललेलं बरं. दिव्या पाचवीत गेली. ती मजेत आहे. तीच तर गोष्ट आहे.

माझा दिवस तुला माहीत नाही म्हणून सांगते. पहाटे चारला उठायचं, कारण पाणी साडेचारला येतं आणि सव्वापाचला जातं. तीन डबे, केर, दिव्याचा गणवेश, आणि सहा वाजून दहाला मोशीच्या चौकात कंपनीची बस. चाकणला जाऊन साडेतीनपर्यंत उभ्यानं गाड्यांच्या वायरींना टेप गुंडाळायची (एका मोटारीच्या पोटात किती वायर असते ते बघशील तर बैलगाडीच बरी म्हणशील). घरी आलं की भांडी, धुणं, स्वयंपाक आणि दिव्याचा अभ्यास. तो मला येत नाही, म्हणून मी समोर बसून नुसते डोळे वटारते. तिला वाटतं आईला येतंय. महिला दिनाला कंपनीनं आम्हा बायकांना कँटीनमध्ये बसवलं आणि ऑफिसातल्या मिनल मॅडमनी पडद्यावर तीन गोल दाखवले. एक गोल मूल, एक गोल काम, एक गोल आपण स्वतः. तिन्ही सारखे पाहिजेत म्हणे, आणि रोज अर्धा तास स्वतःसाठी काढायचा म्हणे. मी हात वर करून विचारलं, कुठून काढायचा ते दाखवा, लगेच काढते. सगळ्या हसल्या. मॅडम भल्या आहेत, म्हणाल्या, मावशी, मदत मागायला शिका. मागायची कुणाकडं? सासू वारली, आई वारली, नवरा एक आठवडा सकाळी तर एक आठवडा दुपारी कामावर, शेजारच्या केसरबाईला दमा. राहिलीस तू. तुला फोन केला, आणि तू आसरा सांगितल्यास.

आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला एक भगदाड आहे. त्यातून उतरलं की इंद्रायणीचा काठ, आणि उंबराखाली ओळीनं सात दगड, शेंदूर फासलेले. मोशीच्या जुन्या घरातल्या बायका अजून अमावास्येला तिथं दहीभात ठेवून जातात. मी बस पकडायच्या आधी गेले. हिरवा खण ठेवला, हिरव्या बांगड्या ठेवल्या, माझ्या डब्यातलाच दहीभात ठेवला (त्या दिवशी मी दुपार बिस्किटावर काढली, तेही त्यांनी धरावं). तेवढ्यात चौकातून हॉर्न आला. आमच्या बसचा ड्रायव्हर बंटी एकदाच हॉर्न वाजवतो, दुसऱ्यांदा गाडीच हलवतो. मग मी उभ्या उभ्याच म्हणाले, मला माणूस कमी पडतंय, कुणाला तरी पाठवा, तुमचं काय असेल ते मागाहून बघू. आणि पळाले. आक्का, भाजीवालीशीसुद्धा मी असा व्यवहार करत नाही.

त्याच दिवशी घरी आले तर भांडी घासून पालथी घातलेली, धुणं दोरीवर, पिठलं-भाकरी झाकून ठेवलेली, आणि दिव्याची चार पेडांची वेणी. मला तीन पेडांचीसुद्धा वाकडी येते. दिव्या म्हणाली, तूच घातलीस की दुपारी. मला वाटलं चेष्टा करते, म्हणून एक धपाटा घातला. मग केसरबाईला विचारलं. ही बाई दिवसभर दारात बसून तांदूळ निवडते, जिन्यानं मांजर गेलं तरी तिला त्याचा रंग सांगता येतो. ती म्हणाली, बाराला आलीस ना तू, हाक मारली तर वळून बघितलं नाहीस, आणि साडी गुडघ्यापर्यंत ओली कशानं गं? मी म्हटलं, कंपनीत पाणी सांडलं. का म्हटलं कोण जाणे. आत येऊन बघितलं तर दारापासून ओट्यापर्यंत ओली पावलं. बाहेर असं ऊन की टाकलेलं पाणी जमिनीला लागायच्या आत वाळावं, आणि ही पावलं दिवेलागणीपर्यंत तशीच. मी त्यावर पाय ठेवून बघितला. माझंच माप. फक्त सगळी पावलं आत येणारी होती, बाहेर जाणारं एकही नव्हतं. मी फडक्यानं पुसून घेतली आणि जेवायला बसले. भाकरी माझ्यापेक्षा चांगली होती. त्या पावलांपेक्षा मला तेच जास्त लागलं.

तू म्हणशील, भ्यायली कशी नाहीस? भ्यायला वेळ लागतो आक्का, आणि दुसऱ्या दिवशी परत चारला उठायचं होतं. रोज घरी यावं तर काम झालेलं. पोळ्यांच्या डब्यात कधी एखादा शंख, कधी मोरीत हातभर लांब केस (माझे खांद्यापर्यंतसुद्धा नाहीत), एवढाच काय तो त्रास. तेवढा पगारी बाईचाही असतो. ज्योतीराम म्हणाले, हल्ली तू शांत झालीस. मी विचारलं, कधी? म्हणाले, दुपारी. (त्यांची दुसरी पाळी असली की ते दोनपर्यंत घरी असतात. पुढचं तू विचारू नको, मीही त्यांना विचारलं नाही.)

मग मला ताप आला. अंथरुणातून उठवेना म्हणून कंपनीला न कळवता पडून राहिले. दुसऱ्या दिवशी एक दिवसाचा खाडा ऐकायच्या तयारीनं गेले, तर आमच्या लायनीचा सुपरवायझर सुजित, माझ्या भाच्याच्या वयाचा, मला बघून उठून उभा राहिला. म्हणाला, मावशी, काल काय हात चालत होता तुमचा, चहाला गेला नाहीत, पाण्याला गेला नाहीत, बाथरूमला गेला नाहीत. मग हळूच म्हणाला, तुमच्या जागेवर वरून पाणी गळतं का, खाली सगळं ओलं होतं, तीनदा पुसून घेतलं. आमच्या गेटवर तोंड बघून हजेरी घेणारं मशीन आहे. माझं घामाचं तोंड त्याला कधी पटत नाही, रोज तीनदा दाखवावं लागतं. त्या दिवशी त्यानं पहिल्या झटक्याला हजेरी घेतली होती.

म्हणजे घर झालं आणि काम झालं. राहिला तिसरा गोल. पुढच्या सुट्टीला घरातलं सगळं आटोपलेलं, आणि मला काही म्हणता काही करायला नाही. लग्नानंतरच्या चौदा वर्षांत पहिल्यांदा. पार्लरमध्ये गेले. तिथल्या पोरीनं दोरा ओढता ओढता माझं वय विचारलं, एका भुवईवर उठून आले. बागेत गेले. तिथं बायका गोल करून टाळ्या वाजवत खोटं खोटं हसत होत्या, तब्येतीला चांगलं असतं म्हणे. मला घ्यायला आल्या तशी तिथूनही उठले. मग म्हटलं, आसरांचं राहिलंय, निदान एक नारळ तरी ठेवून यावा.

उंबराखाली सहा दगड होते. मी बोटानं मोजले, मग मोठ्यानं मोजले. सातव्याच्या जागी खळगा होता. उकरून काढलेला नव्हे. बाई गोधडीवरून उठून गेली की मागं कसा खळगा राहतो, तसा. नारळ ठेवला, आता परत भिंतीपर्यंत चढायचं म्हणून कंबरेवर हात ठेवला, आणि उभं राहायचा इतका कंटाळा आला की तिथंच बसले. आक्का, तो खळगा मला बरोबर बसला. पाठ टेकायला दरड, पाय सोडायला वाळू, कंबरेला जिथं दुखतं तिथंच नेमका उंचवटा. नदीवर फेस होता, वास होता, पण मला त्याचं काही नव्हतं. शेजारी त्या सहा. जेवणाच्या सुट्टीत आम्ही कँटीनच्या पायरीवर बसतो तसं वाटलं, कुणी कुणाला काही विचारत नाही, नुसतं बसायचं. कडेची माझ्यासाठी जराशी सरकली. दगड सरकत नाहीत हे मला माहीत आहे, तू सांगू नको. सरकली ते सांगते. दहा मिनिटं बसले असं समजून उठले तर तीन तास झाले होते, आणि घरी कुणी विचारलं नाही कुठं होतीस म्हणून.

दुसऱ्या सुट्टीला पाच तास. उठले तर पाय गुडघ्यापर्यंत गार, उन्हात चालूनही ऊब येईना. तिसऱ्या सुट्टीला मी बसलेली असताना एक बाई आली. नव्या बिल्डिंगमधली असावी, ताट झाकून आणलेलं. मी म्हटलं, आता ही मला हटकणार. तिनं एकेकीला हळदकुंकू लावत लावत माझ्यापाशी येऊन माझ्या कपाळाला लावलं. डोक्यावर तांब्याभर पाणी घातलं. मांडीवर खण ठेवला. आणि मान खाली घालून म्हणाली की मुलगा रांगायला लागलाय, कंपनीत परत बोलावतात, सासू सांभाळत नाही म्हणते, काहीतरी करा. मला सांगायचं होतं, बाई गं, मीच तुझ्यासारखी, ऊठ इथून आणि घाईत काही बोलू नको. पण तोंड उघडेना. जड झालेलं, शेंदराखालचं झाल्यासारखं. आणि सगळ्यात वाईट सांगू का? मनातल्या मनात मी तिला म्हणाले, बघू. ती समाधानानं गेली. त्यानंतर मी किती वेळ बसले असते ते मला माहीत नाही. घोट्याला लाल मुंगी कडकडून चावली म्हणून उठले. हे सगळं एका मुंगीवर आलं होतं. कपाळाचं कुंकू साबणानं जात नाही, दगडानं घासलं तरी जात नाही. कंपनीत टिकली लावून झाकते.

हेसुद्धा मी पचवलं असतं. पण त्या दिवशी घरी पोहोचले तर दार नुसतं लोटलेलं, आणि आत दिव्या बोलत होती. तिच्याशी. मधल्या सुट्टीत ती एकटीच डबा खाते, हे सांगत होती. शेजारची पोरगी दुसऱ्या बाकावर गेली, हे. नाटकात तिला झाडाचं काम दिलं आणि मग झाडही नको म्हणाले, हे. आक्का, तो डबा पाच वर्षं मी भरते, तो ती एकटी खाते हे मला माहीत नव्हतं. मला कसं माहीत असणार? तिनं नुसतं आई, आज ना, असं म्हटलं की मी म्हणते, लवकर सांग. त्या दुसरीला काय, ती पाण्यातली बाई, तिला बस पकडायची नाही. ती मध्ये बोलत नव्हती. आतून फक्त पाणी ठिबकल्याचा आवाज येत होता. मी चप्पल हातात घेऊन दारात उभी राहिले. केसरबाई तांदूळ टाकून माझ्याकडं बघायला लागली, मग दाराकडं बघायला लागली, मग आत जाऊन तिनं कडी लावून घेतली. मोरीचं दार वाजल्यावर मी आत गेले. ओली पावलं मोरीपर्यंत, मोरी रिकामी. दिव्यानं मान वर केली आणि म्हणाली, आणि मग ना. आधीचं सगळं मला माहीत आहे असं धरून ती पुढं सांगायला लागली. मी दारातून ऐकलं होतं म्हणून निभावलं.

मग तुला फोन केला. आठवतं का तू काय म्हणालीस? म्हणालीस, आत्ताच तर अर्धा तास बोललो आपण, आता परत काय, तू सगळं छान चाललंय म्हणालीस ना. मी म्हटलं, कोण म्हणाली? तू हसलीस. म्हणालीस, पण हल्ली तुझा आवाज किती गोड लागतो गं. तेव्हापासून फोनला हात लावत नाही. हे पत्र चाकणच्या कँटीनमध्ये जेवणाच्या सुट्टीत थोडं थोडं लिहिलंय (अक्षराला नावं ठेवू नको, बाराखडी तूच गिरवून घेतली होतीस), आणि आपल्या गावचे उद्धवराव कांद्याचा टेम्पो घेऊन चाकणच्या बाजारात येतात त्यांच्या हाती देते. पत्र न्याल का म्हणून आधी विचारायला गेले तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, ताई, मघाशी मोशीत दिसला होतात, एवढ्यात इकडं कशा? मी म्हटलं, बसनं.

तेव्हा आक्का, खण-नारळ घेऊन ये, त्यांचं काय देणं निघतं ते नीट विचार, आणि तिला तिच्या जागी नेऊन बसव. माझं घर मला परत पाहिजे, वाकड्या वेणीसकट. दाजींना नमस्कार सांग.

तुझी धाकटी

ता. क. अगदीच कायमची पाठवू नको. दोन दिवस विचार केला. दुपारची भांडी आणि धुणं तिच्याकडं राहू दे, कंपनीत महिन्याला दोन दिवस बदलीवर जाऊ दे, वेणीलाही माझी ना नाही, चार पेडांची दिव्याला शोभते. पण संध्याकाळी पाच ते सहा ती घरात दिसता कामा नये. दिव्याचं मी ऐकणार. ती तासभर बोलली तरी ऐकणार, लवकर सांग म्हणणार नाही (एखाद्या वेळी तोंडातून गेलं तर गेलं). तेवढं त्यांच्याकडून कबूल करून घे. बदल्यात महिन्यातून दोन सुट्ट्या मी त्यांच्या खळग्यात बसेन, येतील त्या बायकांचं ऐकून घेईन. खरं सांगायचं तर ते मला जड नाही. असं बसायला मला दुसरीकडं कुठं मिळत नाही.

ता. क. आणखी एक, आणि यासाठीच एवढं सगळं लिहिलं. मी बसेन तेव्हा तू समोर बसायला पाहिजेस. मी उठले नाही तर मला कुणी शोधायला येणार नाही गं. ज्योतीरामांच्या लेखी मी घरात असेन, सुजितच्या लेखी लायनीवर असेन, दिव्यासमोर तर बसलेलीच असेन. कुणाला मी कमी पडणार नाही. म्हणून तू ये, आणि दोन तास झाले की मला लहानपणच्या नावानं हाक मार, विहिरीत वाकले की तू ओरडायचीस त्या नावानं. ते या घरात मी कधी उच्चारलेलं नाही, दिव्यालाही सांगितलेलं नाही, आणि या कागदावरही मुद्दाम लिहिलेलं नाही. तूही लिहू नको. फोनवर तर कुणी गोड आवाजात विचारलं तरी सांगू नको. येतेस की नाही ते चिठ्ठीत लिही आणि उद्धवरावांच्या हाती माझ्याच हातात दे म्हणावं, चाकणला, कंपनीच्या गेटवर, आणि देण्याआधी माझे पाय कोरडे आहेत का ते बघायला सांग. उत्तर गुरुवारपर्यंत आलं पाहिजे. शुक्रवारी मला सुट्टी आहे.